बारावीनंतर पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करावी का? त्यात नेमकं काय शिकवतात?

तुमचा प्रश्न असा आहे: बारावी सायन्स झाली, निसर्गाची आवड आहे, केमिस्ट्री नकोशी वाटते, तर पर्यावरणशास्त्र घ्यावं का? केमिस्ट्री चुकवायला येणार असाल, तर येऊ नका. जंगलापेक्षा ब्युरेटसमोरच जास्त वेळ जातो.

सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ म्हणजे ही पदवी नव्हे. तिथे प्रकल्पाची फाईल सजवून पास होता येतं. इथे आकडा काढावा लागतो, आणि तो का चुकला तेही सांगावं लागतं.

बीओडीचंच (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड) बघा. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, ते यात मोजतात. आपल्याकडे बाटली बहुधा २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. जुनी पद्धत २० अंश, ५ दिवसांची. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरा. २७ अंशांना लिटरभर पाण्यात प्राणवायूच जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो, म्हणून नमुना पातळ केल्याशिवाय गत्यंतर नाही. ३०० मिलिच्या बाटलीत ६ मिलि नमुना, बाकी डायल्यूशन वॉटर. प्राणवायू सुरुवातीला ७.८ आणि शेवटी २.८ आला, तर फरक ५. त्याला ५० ने गुणलं की २५०. शेवटी किमान १ मिलिग्रॅम प्राणवायू उरला पाहिजे आणि किमान २ खर्ची पडला पाहिजे, नाहीतर रीडिंग बाद. म्हणून एकाच नमुन्याची दोन-तीन डायल्यूशन लावायची.

मुलं चुकतात ती अशी. बुचाखाली हवेचा बुडबुडा राहतो. इन्क्युबेटरमध्ये उजेड शिरतो आणि शेवाळ उलट प्राणवायू तयार करतं. नमुन्यात क्लोरीन उरलेलं असतं, त्यानं जिवाणू मरतात आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ दिसतं (आधी सोडियम सल्फाइट घालून ते काढायचं). कारखान्याच्या सांडपाण्यात अनेकदा पुरेसे जिवाणूच नसतात, त्यात सीड (म्हणजे बाहेरून घालायचे जिवाणू) घालायला विसरतात. प्राणवायू मोजायच्या टायट्रेशनमध्ये स्टार्च फार लवकर घालतात. रंग फिकट पिवळा झाल्यावरच घालायचा, मग निळा जाईपर्यंत थायोसल्फेट. हे ज्याला जमलं, त्याला ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून काम करता येतं.

बाकी प्रात्यक्षिकं अशी: वनस्पतींसाठी क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीसाठी आखलेला चौकोन (गवताला १×१ मीटर, झुडपांना ५×५, झाडांना १०×१०), हवेसाठी फिल्टर पेपर वजन करून २४ तासांचं सॅम्पलिंग, शिवाय माती आणि आवाज. फिल्टर डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) न ठेवता तोलला, तर धुळीबरोबर ओलावाही मोजला जातो, आणि पावसाळ्यात हे हमखास घडतं. सांख्यिकी कंटाळवाणी वाटेल, पण सोडू नका. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पहिल्याच वर्षी शिकायला घ्या.

कायदे पाठ करण्यापेक्षा वापरायला शिका: १९७४चा पाणी कायदा, १९८१चा हवा कायदा, १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि २००६ची ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचना. कंपनीतल्या नोकरीत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र सांभाळणं आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ४, ३० जूनपर्यंत भरणं, हीच कामं अंगावर येतात.

नोकऱ्या मुख्यतः टेस्टिंग लॅब, ईआयए सल्लागार आणि कारखान्यांच्या पर्यावरण-सुरक्षा विभागात. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवात सॅम्पलिंगपासून होते: चिमणीवर चढणं, नाल्यात उतरणं. संशोधन किंवा प्राध्यापकी हवी असेल, तर एम.एस्सी. आणि नेट धरून चला. ‘गेट’लाही २०२१पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका. लॅबमध्ये जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: बीओडी इन्क्युबेटर चालू आहे का? एका टायट्रेशनला किती जण मिळून बसता? जर्नलमधलं रीडिंग स्वतः घेतलेलं की मागच्या बॅचचं उतरवलेलं? तिसऱ्या प्रश्नावर ती हसली, तर दुसरं कॉलेज बघा.