तुमचे प्रश्न : पंखांखाली आहे, तरी रात्री भीती का वाटते?

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. या वेळी पत्रं भरपूर आलीत, पण तीन पत्रांमध्ये दुखणं एकच दिसलं म्हणून तीच घेतोय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न (रावेर तालुका) : काका सलाम. जूनच्या वादळात माझी केळी आडवी झाली, घड भरत आले होते, पंधरा दिवसांवर कटाई होती. मी दर रविवारी चर्चला जातो, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देतो. शेजारी देवाला मानत नाही, त्याची बाग उभी आहे. गावातले म्हणतात तुमच्या देवानं काय वाचवलं, आणि चर्चमधले एक जण म्हणाले घरात काहीतरी लपलेलं पाप असेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नका ऐकू भाऊ. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली होती, तेव्हा लोकांच्या मनात हाच हिशोब होता, पण येशूनं स्वतः विचारलं की ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि नाही म्हणून सांगितलं (लूक 13). तुमच्या पडलेल्या बागेत उभं राहून जो पाप शोधतोय त्याला हा अध्याय वाचायला द्या. ऊन-पाऊस तो बाप चांगल्या-वाईट दोघांच्या शेतावर पाठवतो, वारा पण दोघांच्या बांधावरून जातो. पंचनामा झाला का? नसेल तर आधी तो करून घ्या, चर्चमधली दोन पोरं सोबत न्या, आणि मंडळीनं पण नुसतं "प्रार्थनेत आठवण करू" म्हणून घरी जाऊ नये.

प्रश्न (नवापूर, नर्सिंगची विद्यार्थिनी) : आमच्याकडे काही जण म्हणतात की खरा विश्वास असेल तर दवाखाना, विमा कशाला, देव राखतो. मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : पोरी, बायबलातलं प्रेषितांची कृत्ये 27 वाच. चौदा दिवस वादळ, जहाजावर 276 माणसं, आणि प्रेषित पौलाला देवदूतानं आधीच सांगितलंय की तुझ्यासोबतचा एकही जण मरणार नाही. तरी खलाशी होडी घेऊन पळायला लागले तेव्हा हाच पौल शताधिपतीला (रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला) म्हणतो की हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही! म्हणजे वचन पण खरं आणि खलाशी पण लागतातच. जहाज फुटलं, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर बसून किनाऱ्याला लागलं. तू जे शिकतेयस ना, ती पण अशीच एक फळी आहे.

प्रश्न (भुसावळ, एक भगिनी) : काका, माझे मिस्टर लोको पायलट आहेत. रात्री दोनला पण कॉल येतो. मी बायबलातलं स्तोत्र 91, देव पंखांखाली राखतो असं सांगणारं, एका कागदावर लिहून त्यांच्या डब्याच्या पिशवीत गुपचूप ठेवते. मागच्या वर्षी माझा भाऊ हायवेवर अपघातात गेला, त्याच्याही गाडीत हेच स्तोत्र लावलेलं होतं. तेव्हापासून मिस्टर लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लागते तिथे, पोचल्याचा फोन येईपर्यंत छातीत धडधड होते, झोप लागत नाही. एका सभेत अभिषेकाचं तेल 500 रुपयांना देत होते, घराच्या चौकटीला लावा म्हणाले. घेऊ का? माझा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं, कारण हे उत्तर मला पुस्तकातून देता येणार नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये माझी बायको कोरोनाच्या वॉर्डात होती आणि मी रोज संध्याकाळी फोनवरून तिला हेच 91 वं स्तोत्र वाचून दाखवायचो, त्यात मरीचा उल्लेख आहे ना, मला वाटायचं हे तर आमच्यासाठीच लिहिलंय. नवव्या दिवशी ती गेली. त्यानंतर कितीतरी महिने ते पान मी उघडलंच नाही, दुसऱ्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो आणि कोणी ते वाचायला लागलं तर मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो.

परत ते पान उघडलं ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायामुळे. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि म्हणतो खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय, ते वाक्य याच 91 व्या स्तोत्रातलं आहे! हे वचन ताईतासारखं वापरायला सांगणारा तोच, आणि येशूनं ते नाकारलं, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला. मग मी स्तोत्र पुढे वाचलं, पंधराव्या वचनापर्यंत. "संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन." संकटसमयी. म्हणजे संकट येणार हे त्या स्तोत्रानं धरलेलंच आहे, आणि मी इतकी वर्षं ते संकट न येण्याची हमी म्हणून वाचत होतो.

चौथ्या वचनात आपल्या मराठी बायबलात शब्द आहे पाखर, तो तुझ्यावर पाखर घालील. माझं लहानपण धुळ्याकडच्या खेड्यात गेलं, अंगणात कोंबड्या असायच्या. घार आली की कोंबडी पळत नाही, पिलांवर बसते. घारीची नखं पहिली तिलाच लागतात, पिलांना वरचा अंधार आणि ऊब एवढंच कळतं. येशू यरुशलेमाकडे बघून म्हणाला की कोंबडी जशी पिलं पंखांखाली घेते तसं तुम्हाला घ्यायची माझी किती इच्छा होती, आणि थोड्याच दिवसांत तो वधस्तंभावर गेला. माझ्यासाठी पाखर म्हणजे ते. मरणाची नखं त्याला आधी लागलीत, म्हणून माझी बायको, तुमचा भाऊ, मरणातही त्याच्या पंखाबाहेर गेले नाहीत. रोमकरांस 8 मध्ये पौल देवाच्या प्रीतीपासून वेगळं न करू शकणाऱ्या गोष्टी मोजतो, त्यात पहिलं नाव मरणाचंच आहे.

आणि विश्वास कमी पडला का, तर अजिबात नाही. कृत्ये 12 बघा, एकाच अध्यायात येशूचा शिष्य याकोब तलवारीनं मारला जातो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. याकोबाचा विश्वास कमी होता असं तिथं एका अक्षरानं लिहिलेलं नाही. आपल्या पंडिता रमाबाई घ्या, दुष्काळात आई-बाप गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि 1921 मध्ये पोटची मुलगी मनोरमा, त्यानंतर वर्षभरात 1922 ला त्या स्वतः. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये किती जणींना आसरा मिळाला त्यांच्यामुळे, आणि स्वतःच्या लेकीला पुरून पण त्यांनी देवाचा हात सोडला नाही. त्यांना कोण अविश्वासू म्हणेल?

तेल घेऊ नका. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) वडील मंडळी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात, पण त्याला किंमत लिहिलेली नाही, आणि देवाचं दान पैशानं मागणाऱ्या शिमोन जादूगाराला पेत्र काय बोलला ते कृत्ये 8 मध्ये आहे. ते 500 रुपये घेऊन डॉक्टरकडे जा. वर्षभर झोप नाही आणि रोज धडधड, हे दाखवायलाच पाहिजे, त्यात विश्वासाची काही हार नाही. आणि भावासाठी रडायचं राहिलं असेल तर रडून घ्या, मित्र लाजार मेला तेव्हा प्रभू पण रडला होता.

चिठ्ठी काढू नका पिशवीतून, फक्त लपवू नका. आज मिस्टरांना सांगा की मी ही ठेवत होते आणि मला भीती वाटते, त्यांना पण सिग्नल बघत रात्र काढताना काय वाटतं ते कधी विचारलंय का तुम्ही? दोनचा कॉल आला की चहा टाका, दोघं मिळून मोठ्यानं वाचा, पंधराव्या वचनापर्यंत. माझी आई अहिराणीत एवढंच म्हणायची बाप शेतावर रात्री पाणी भरायला निघाला की, "तो शे ना संगे", म्हणजे तो आहे ना सोबत, आणि दार लोटून घ्यायची.