घरच्या सॉल्टवॉटर टँकसाठी फायटोप्लँक्टन घरी वाढवता येतं का? नेमकं कसं?

तुमचा टँक 200 लिटरचा आहे, त्यात कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखा समुद्री किडा) आणि एक क्लॅम (शिंपला) आहे, बाटलीबंद फायटो (फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) महाग पडतं, म्हणून घरी करता येईल का असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल, आणि सामानही फार लागत नाही. शेवाळ वाढायला उत्सुकच असतं. त्याच्यात दुसरं काही शिरू न देणं आणि ते वेळेवर काढून घेणं, एवढंच खरं काम आहे. बहुतेकांचं कल्चर (बाटलीत वाढवलेलं शेवाळ) कोलमडतं ते याच दोन गोष्टींपायी.

सुरुवात फक्त नॅनोक्लोरोप्सिस (थोडक्यात नॅनो) या शेवाळाने करा. पेशी 2 ते 4 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काटक, आणि तापमान थोडं वरखाली झालं तरी तग धरणाऱ्या. त्यात ईपीए भरपूर असतं, पण डीएचए जवळजवळ नसतं (दोन्ही ओमेगा-3 फॅटी ॲसिड). डीएचए आयसोक्रायसिस (आयसो) या दुसऱ्या शेवाळात मिळतं आणि क्लॅमला, कोपेपॉडना आयसो जास्त मानवतो. पण तो नाजूक आहे, व्हिटॅमिनशिवाय चालत नाही, म्हणून दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. टेट्रासेल्मिस हे तिसरं शेवाळ त्या मानाने मोठं, 10 मायक्रॉनच्या आसपास, आणि कोपेपॉडसाठी छान. तिन्ही एकदम सुरू केलेत तर महिन्याभरात सगळ्या बाटल्यांत नॅनोच दिसेल, कारण तो बाकीच्यांत सहज शिरतो.

स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला घालायचं शेवाळ, जिवंत आणि एकाच जातीचा हवा. फ्रिजमधल्या घट्ट काँसन्ट्रेटमध्ये पेशी बहुधा मेलेल्या असतात, त्यातून कल्चर उभं राहत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर समुद्राचं पाणी आणून त्यातलंच फायटो वाढवायचा मोह होईल. तो टाळा. त्या पाण्यात सिलिएट (शेवाळ खाणारे एकपेशी जीव) आणि डायटम (सिलिकाच्या कवचाचं शेवाळ) असतातच. तुम्ही घातलेल्या खतावर आधी डायटम पोसले जातात आणि सिलिएट तुमचं शेवाळ खातात.

पाणी असं करा: आरओचं पाणी आधी उकळून झाकून थंड होऊ द्या, मग त्यात लिटरला साधारण 27 ग्रॅम रीफ सॉल्ट मिसळा. विशिष्ट गुरुत्व 1.019 ते 1.020 भरलं पाहिजे. टँकपेक्षा हे थोडं कमी खारट असतं आणि नॅनोला ते चालतं. मीठ घातल्यावर मात्र उकळू नका. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तळाशी पांढरा साका बसतो. बाटल्या आणि नळ्या लिटरला 10 ते 15 मिली बिनवासाचं ब्लीच घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आरओच्या पाण्याने विसळा आणि पूर्ण वाळवा.

खत म्हणजे गिलार्डचं एफ-बाय-टू (f/2), शेवाळ वाढवण्यासाठीचं ठरलेलं पोषक मिश्रण. तयार मिळतं, पण प्रत्येक कंपनीचं घट्टपण वेगळं, त्यामुळे लेबलवरचंच प्रमाण घ्या. स्वतः करायचं असेल तर 100 मिली आरओच्या पाण्यात 7.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट, आणि दुसऱ्या 100 मिलीमध्ये 0.5 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट. दोन्हींचा लिटरला 1-1 मिली. ईडीटीए (लोह विरघळलेलं ठेवणारं रसायन) यासकट लोह, सूक्ष्म धातू आणि व्हिटॅमिन यांचं मिश्रण मात्र विकतच घ्या, घरच्या काट्यावर ते मोजता येत नाही. सिलिकेट फक्त डायटमला लागतं, ते वगळा. हॅचरीतल्या उघड्या टाक्यांना अमोनियम सल्फेट, सुपरफॉस्फेट आणि युरिया घालतात, ते बघून बागेचं खत वापरू नका. दाट कल्चरचा पीएच 9 च्या वर जातो, तेव्हा त्यातला अमोनियम विषारी अमोनिया होतो, आणि तोच पुढे तुमच्या टँकमध्ये जातो.

2 लिटरच्या पारदर्शक बाटलीत दीड लिटरच भरा. स्टार्टर एक भाग, खत घातलेलं पाणी चार भाग. 100 मिली स्टार्टर थेट दीड लिटरमध्ये ओतलात तर पेशी इतक्या विरळ होतात की तेवढ्यात जंतू पुढे निघून जातात. आधी अर्ध्या लिटरपर्यंत न्या, मग मोठ्या बाटलीत. झाकणातून ताठ प्लॅस्टिकची नळी तळापर्यंत सोडा, मोठे बुडबुडे, सेकंदाला दोन-तीन. एअरस्टोन लावू नका, बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि पेशी त्यात अडकून वर चिकटतात. हवेच्या नळीत थोडा कापूस कोंबा आणि हवा बाहेर पडायच्या भोकालाही कापूस लावा. नॉन-रिटर्न व्हॉल्व हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात शिरतं.

9 ते 12 वॉटचा 6500 केल्विनचा एलईडी बल्ब, रोज 16 तास. पहिले दोन दिवस बाटलीपासून फूटभर लांब, रंग चढला की 10-15 सेंटिमीटरवर. तापमान 20 ते 28 अंश चांगलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बाटली पाण्याच्या टबात ठेवा आणि दिवे रात्री लावा.

सात ते दहा दिवसांत पाणी इतकं गर्द होतं की बाटलीमागची बोटं दिसेनाशी होतात. तेव्हा दोन तृतीयांश काढून घ्या आणि उरलेल्यावर नवं खतपाणी घाला. ते उरलेलं विरजणासारखं पुढचं कल्चर लावतं. चार-पाच वेळा असं झालं की बाटली बदला. गर्द झाल्यावरही तशीच ठेवलीत तर खत संपतं, रंग पिवळट पडतो आणि मग दोन दिवसांत सगळं तळाशी बसतं.

बिघाड ओळखायला पारदर्शक ग्लासात थोडं कल्चर घ्या आणि अंधारात बाजूने टॉर्च मारा. स्वतःहून फिरणारे पांढरे ठिपके दिसले तर रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव) शिरलेत. पाणी राखाडी, दुधाळ आणि वास कुजका असेल तर जंतू. चांगल्या कल्चरला नुकत्या कापलेल्या गवताचा वास येतो. बिघडलेली बाटली वाचवत बसू नका, ओतून द्या, ब्लीच करा. त्यासाठीच अर्धा लिटरची एक राखीव बाटली दुसऱ्या खोलीत, हवा न लावता, झाकण सैल ठेवून, खिडकीच्या मंद उजेडात असू द्या. रोज हलवा, दर दोन-तीन आठवड्यांनी नवी करा. घरात रोटिफर किंवा कोपेपॉडही वाढवत असाल तर आधी शेवाळाचं काम उरका, मग त्यांना हात लावा. कप-पिचकाऱ्याही वेगळ्या.

काढलेलं फायटो फ्रिजमध्ये 4 अंशांवर ठेवा, रोज हलवा. नॅनो तीन आठवडे टिकतो, आयसो जेमतेम आठवडाभर. गोठवू नका, पेशी फुटतात.

तुमच्या टँकला रोज 20 मिलीने सुरुवात करा, दिवे बंद झाल्यावर, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) तीन-चार तास थांबवून. मग दोन आठवड्यांत हळूहळू 100 मिलीपर्यंत जा. खत पूर्ण वापरलं जाण्याआधीच कल्चर काढून रोज 200 मिली घातलंत, तर महिन्याभरात फॉस्फेट 0.1 पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) आणि नायट्रेट दीड पीपीएमच्या पुढे चढू शकतं. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला दोन्ही टेस्ट करा आणि आकडा चढताना दिसला तर कल्चर आणखी दोन दिवस बाटलीतच राहू द्या.