क्रेन ऑपरेटर व्हायचंय? मग आधी जमिनीवरचं काम

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावी कला शाखेतून झालाय, पुढं शिकायची इच्छा नाही, पण यंत्रांचं वेड आहे. जवळच्या शहरातली एक संस्था ८ दिवसांत क्रेन ऑपरेटरचं सर्टिफिकेट देते. फी ४५ हजार आणि वर आखातातल्या नोकरीची हमी. समृद्धी महामार्गावरच्या अपघातापासून मला या कामाची धास्ती वाटते. पैसे भरावेत का?
— एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, नमस्कार. पैसे भरू नका. पण मुलाला या कामापासून तोडूही नका. नीट शिकला तर या धंद्यात आयुष्यभर पोट भरेल.

‘क्रेन ऑपरेटर’ असं एकच काम नसतं. हायड्रा (वजन धरून चालणारी छोटी क्रेन) वेगळी, ट्रकवरची टेलिस्कोपिक (लांब-आखूड होणाऱ्या हाताची) वेगळी, पट्ट्यांवर चालणारी क्रॉलर, टॉवर क्रेन, कारखान्यात छताखालच्या रुळांवर फिरणारी ईओटी वेगळी. कोर्सनंतर मिळणाऱ्या कार्डावर क्रेनचा प्रकार आणि टनेज (किती टनांपर्यंत) नसेल, तर मोठ्या साइटवर ते कार्ड फारसं कुणी विचारात घेत नाही. कार्ड असलं तरी ट्रेड टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, होतेच, आणि आठ दिवसांचं शिक्षण तिथं दहा मिनिटांत उघडं पडतं.

तुमची धास्ती खरी आहे. शहापूर तालुक्यात सरळांबे इथं ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री गर्डर बसवण्याचं यंत्र कोसळून २० जण गेले. उचललेलं वजन पडतं तेव्हा खाली उभ्या माणसाला पळायला जागा नसते. म्हणूनच मुलानं केबिनमध्ये बसण्याआधी वर्षभर तरी रिगरच्या (वजन बांधून हुकाला लावणाऱ्याच्या) हाताखाली काढावं असं मला वाटतं. पगार कमी मिळेल, पण वजन कसं वागतं ते तिथंच कळतं.

उदाहरण देते. २ टनांचा लोखंडी सांगाडा दोन स्लिंगनी (वजन बांधायच्या दोर-पट्ट्यांनी) उचलायचा आहे. नवख्या पोराला वाटतं, प्रत्येक स्लिंगवर १ टन. स्लिंग सरळ उभ्या असतील तरच ते खरं. स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकीवर साधारण १.१५ टन येतात, ४५ अंशांत १.४ टन आणि ३० अंशांत पूर्ण २ टन. म्हणजे वजन तेवढंच, पण आखूड स्लिंग ताणून लावली की ताण दुप्पट. साइटवर कोन मोजायला कुणाकडे वेळ नसतो. त्यासाठी साधी खूण आहे : दोन बांधणीच्या जागांमधलं अंतर एका स्लिंगच्या लांबीएवढं असेल तर कोन ६० चा. अंतर त्याहून जास्त दिसलं की लांब स्लिंग आणायची. चांगला रिगर हे बोलता बोलता करतो.

दुसरी गोष्ट लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं याचा तक्ता. क्रेनवर ‘४० टन’ लिहिलेलं असतं ते सर्वात जवळच्या रेडियसवर, बूम (क्रेनचा लांब हात) आखूड असताना. रेडियस म्हणजे क्रेन ज्या मध्यावर फिरते तिथपासून हुकापर्यंतचं आडवं अंतर. ते वाढलं की क्षमता झपाट्यानं घटते. समजा चार्टवर १० मीटरला ८ टन आहेत. त्यातून हूक ब्लॉकचे ३५० किलो आणि स्लिंग आणि शॅकलचे (स्लिंग जोडायच्या कड्यांचे) १५० किलो वजा करायचे. उरले साडेसात टन. ही वजाबाकी सोडून देणारे ऑपरेटर खूप आहेत. मग अलार्म वाजतो, तेव्हा वजन खाली घ्यायचं सोडून सेफ लोड इंडिकेटर (जादा वजनाचा इशारा देणारं यंत्र) बायपास करतात, म्हणजे बंद पाडतात. तुमच्या मुलाला जो उस्ताद बायपासची किल्ली दाखवेल, त्या उस्तादाकडे त्याला ठेवू नका.

आउटरिगर (क्रेनला टेकू देणारे बाजूचे पाय) पूर्ण बाहेर, खाली जाड लाकडी पॅड, टायर जमिनीपासून सुटलेले. हेही तो तिथंच शिकेल. पावसाळ्यानंतर नुकत्याच बुजवलेल्या चरावर आउटरिगर टेकवला की एक पाय खचतो आणि क्रेन कलंडते. हायड्राचं दुखणं वेगळं. ती मधून वळते, आणि वजन धरून वळताना तिची क्षमता कमी होते. वळणावरच ती आडवी होते.

आता काय करायचं? याच महिन्यात डोळे तपासून घ्या : रंग ओळखता येतात का, अंतराचा अंदाज बरोबर येतो का. ऐकूही नीट यायला हवं, आणि उंचीवर चक्कर येत असेल तर टॉवर क्रेनचा विचार सोडावा. सोबत हलक्या मोटारीचं लायसन्स काढा. ट्रकवरची क्रेन रस्त्यावर न्यायची तर जड वाहनाचं लायसन्स लागतं, आणि त्यासाठी हलक्याचं लायसन्स वर्षभर जुनं आणि वय २० हवं. तेवढा काळ हेल्परीत जातोच.

त्यानंतर कोर्स. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलशी जोडलेलं केंद्र निवडा, आणि केंद्राचं नाव स्किल इंडिया पोर्टलवर स्वतः शोधा. भेट द्याल तेव्हा विचारा की मुलगा खऱ्या मशीनवर किती तास बसेल, सिम्युलेटरवर किती. त्यांच्याच क्रेनचं चालू वर्षाचं थर्ड पार्टी (बाहेरच्या स्वतंत्र) तपासणीचं सर्टिफिकेट दाखवायला सांगा. ज्यांच्या स्वतःच्या क्रेनची तपासणी झालेली नाही, ते सुरक्षा काय शिकवणार? ‘सेफ्टी ऑफिसरही करून देतो’ म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा त्यासाठीचा डिप्लोमा पदवी किंवा इंजिनिअरिंग डिप्लोमानंतरचा आहे, बारावी कला शाखेवर मिळत नाही.

आखाताची हमी तर विसराच. सौदीत अरामको या तेल कंपनीच्या कामांवर रिगरचे तीन स्तर आहेत : तिसरा १० टनांपर्यंत, दुसरा ४० टनांपर्यंत, पहिला त्यापुढच्या वजनांसाठी आणि अवघड उचलींसाठी. तिथं मान्यता असलेली संस्था स्वतः परीक्षा घेते, इथल्या कार्डाला ती सूट देत नाही. पुढंमागं जायचंच ठरलं तर एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या.

डोळ्यांचा रिपोर्ट आला की मला कळवा. रंगांधळेपणा निघाला तर आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकचा विचार करू. क्रेनचं इंजिन आणि हायड्रॉलिक दुरुस्त करणाऱ्यांनाही या धंद्यात कायम मागणी असते.