जुन्या फिनिश फर्निचरवरच्या खुणांवरून ते कोणी बनवलं हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही फिनलंडमधल्या एस्पोला राहता आणि तिथल्या किरप्पुतोरीवरून (जुन्या बाजारातून) तीन वस्तू घेतल्यात. साध्या लाकडी खुर्चीच्या बुडाला चौकटीत ‘एस ए’ आणि खाली एक आकडा आहे. रंगवलेल्या पेटीवर ‘ए एम डी १८३७’ आणि बाणासारखी कोरीव खूण आहे. तीन पायांच्या स्टुलावर काहीच नाही. ‘एस ए’ ही कुठली कंपनी, ‘ए एम डी’ कोण सुतार, आणि स्टूल नकली आहे का, असं तुम्ही विचारलंय.

गंमत अशी की ज्या दोन वस्तूंवर खुणा आहेत त्यांचा कारागीर त्या खुणांवरून कळणार नाही. जिच्यावर काहीच नाही, तिचा मात्र बहुधा कळेल.

मी फिनलंडमध्ये राहतो आणि सुट्टीत जुनं फर्निचर दुरुस्त करतो. खुणेचा अर्थ लावण्याआधी ती कोणी उमटवली असेल हे मी आधी बघतो. बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने, की मालकाने? आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं, ते तांबटाचं नसतं. जुन्या फिनिश सामानावरच्या बऱ्याच खुणा त्याच जातीच्या आहेत.

तुमची खुर्ची त्यातलीच. चौकटीतलं ‘एस ए’ म्हणजे ‘सुओमेन आर्मेइया’, फिनिश लष्कर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रायफलींपासून जेवणाच्या डब्यांपर्यंत सगळ्यावर हा शिक्का असे. ही मालमत्तेची खूण आहे. खालचा आकडाही मॉडेलचा नसून सामानाच्या नोंदवहीतला असण्याची शक्यता जास्त. विक्रेते ‘एस ए कंपनीची दुर्मीळ खुर्ची’ म्हणून भाव चढवतात, तिकडे कानाडोळा करा. ‘व्ही आर’चंही तसंच, ती सरकारी रेल्वेची खूण. शाळा, इस्पितळं, नगरपालिकाही आपापले आकडे आणि अक्षरं रंगवत. बनवणारा शोधायचा तर बैठकीची खालची बाजू आणि पाठीच्या पट्टीची आतली बाजू तिरप्या उजेडात बघा. मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला की रंगाखाली दबलेला शिक्काही वर येतो.

पेटी जास्त मजेशीर आहे. ‘ए एम डी’ म्हणजे संगणकाच्या चिपवाले नव्हेत (हा विनोद एस्पोत कोणीतरी तुम्हाला ऐकवेलच, म्हणून मीच आधी उरकतो). ही बहुतेक नवरीची पेटी आहे, लग्नात रुखवताचे कपडे घालून न्यायची. शेवटचा ‘डी’ स्वीडिश ‘दॉटर’चा, म्हणजे मुलगी. पहिलं अक्षर तिचं, मधलं वडिलांचं: आन्ना मात्सदॉटर किंवा तत्सम. ‘एम’वरून मात्स, मिकाएल, मोर्टेन असे बरेच बाप निघतात. पेटी पुरुषाची असती तर शेवटी ‘एस’ आला असता, ‘सोन’ म्हणजे मुलगा. फिनिश बोलणाऱ्या घरातही अक्षरं स्वीडिश पद्धतीची असत, कारण चर्चची दप्तरं एकोणिसाव्या शतकात बराच काळ स्वीडिशमध्येच लिहिली जात. आडनाव सगळ्यांना सक्तीचं झालं ते १९२०च्या कायद्याने. १८३७ हे साल लग्नाच्या तयारीचं असेल. पेटी त्याहून जुनी असून नव्या नवरीसाठी पुन्हा रंगवलेली असू शकते. एखाद्या टवक्याखाली दुसरा रंग दिसतो का बघा, पण नख लावून खरवडू नका.

बाणासारखी खूण म्हणजे ‘पूमेर्क्की’, घराची किंवा शेतवाडीची खूण. सगळ्या रेघा सरळ, कारण ती सुरीने लाकडात कापायची असे. ज्यांना लिहिता येत नसे ते कागदपत्रांवर सहीऐवजी हीच खूण काढत. म्हणजे पेटी कुठल्या चर्च-परगण्यातून आली एवढं कळलं तर त्या भागातल्या जुन्या दस्तांमध्ये हीच खूण सापडू शकते, आणि चर्चच्या नोंदींमध्ये त्या सुमारास लग्न झालेली ‘ए एम डी’ही. यातल्या पुष्कळ नोंदी स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. सुताराचं नाव मात्र विसरा. गावच्या सुताराने नाव टाकायची पद्धत फारशी नव्हती. आणि कुलपावर ‘ब्यॉर्कबोदा’ असं काही दिसलं तर लगेच हुरळू नका, तो कुलपाचा कारखाना.

आता स्टूल. ते उलटं करून कुठल्याही एका पायाचा वाक बाजूने बघा. पाय खालून सरळ वर येतो आणि काटकोनात वळून थेट बैठकीच्या बुडाला स्क्रूने जोडलेला आहे का? मध्ये चौकट-पट्टी काही नाही ना? मग वाकाजवळच्या बारीक समांतर रेषा बघा. त्या फक्त वळणापाशी असतील आणि खाली उतरता उतरता अखंड बर्च लाकडात विरून जात असतील, तर तो आल्व्हार आल्टो या फिनिश वास्तुरचनाकार-डिझायनरचा पाय. बर्चच्या अखंड दांड्याला टोकाकडून लाकडाच्या रेषांच्या दिशेने करवतीने खाचा पाडायच्या, त्यांत पातळ फळ्या गोंदाने बसवायच्या आणि मग तेवढाच भाग वाकवायचा, अशी ती रीत. तुर्कूचा फर्निचर कारखानदार ओटो कोर्होनेन आणि आल्टो यांनी ती मिळून बसवली, आणि ‘स्टूल ६०’ आला १९३३ मध्ये. पट्टे पायाच्या पूर्ण लांबीभर दिसत असतील तर अख्खा पाय थरांचा आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाचं. इकेआचं ‘फ्रोस्ता’ तसंच होतं, पण त्याला चार पाय. आल्टोचंही चार पायांचं स्टूल आहे, त्यामुळे नुसते पाय मोजून निकाल लावू नका.

शिक्का नसल्याने घाबरायचं कारण नाही. जुन्या नगांवर तो नसणं नेहमीचंच, कागदी लेबलं तर केव्हाच पडून जातात. असला तरी नीट वाचावा लागतो. ‘आर्टेक’ ही आल्व्हार आणि आइनो आल्टो, मैरे गुलिक्सेन आणि निल्स-गुस्ताव हाल यांनी १९३५ मध्ये हेलसिंकीत काढलेली कंपनी. विकायची ती, बनायचं तुर्कूत कोर्होनेनच्या कारखान्यात. ‘फिनमार’ दिसलं तर तो नग लंडनच्या आयातदाराकडून ब्रिटनमध्ये विकला गेलेला. ‘हेदेमोरा’ किंवा ‘मेड इन स्वीडन’ असेल तर युद्धानंतर स्वीडनमध्ये बनलेला. तोही अस्सलच, फक्त फिनलंडमध्ये बनलेला नाही. असाच घोळ इल्मारी तापिओवाराच्या ‘फॅनेट’ खुर्चीचा होतो: डिझायनर फिनिश, पण खुर्ची स्वीडनमध्ये एड्सब्यूच्या कारखान्यातही बनली आणि फिनलंडमध्ये आस्को या कंपनीकडेही. डिझायनर ओळखला म्हणजे कारखाना ओळखला असं होत नाही.

पुढच्या खरेदीसाठी एक गोष्ट लक्षात असू द्या. फिनलंडमध्ये कंपन्यांची नावं दोन भाषांत असत. ‘ओय’ फिनिश, ‘आब’ स्वीडिश, दोन्हींचा अर्थ मर्यादित कंपनी. तुर्कूची बोमान ही जुनी फर्निचर कंपनी ‘ओय बोमान आब’ असं दोन्ही लावायची. गावांनाही दोन नावं: तुर्कू म्हणजेच ओबो, हेलसिंकी म्हणजेच हेलसिंगफोर्स, केरावा म्हणजेच केर्वो. स्वीडिश अक्षरं दिसली की लोक वस्तू स्वीडनच्या खात्यात टाकून मोकळे होतात. केरावाकडे तर खास लक्ष ठेवा. स्टॉकमन या हेलसिंकीतल्या मोठ्या दुकानाचा सुतारकारखाना तिथे होता, तापिओवाराची १९४६ ची ‘डोमुस’ खुर्चीही केरावातच बनलेली, आणि गावाच्या मानचिन्हावर चक्क सुतारी सांधा आहे. लाहती या शहराचं वजन त्याहून मोठं. आस्को तिथे १९१८ पासून, इस्कू ही दुसरी फर्निचर कंपनी १९२८ पासून. शिक्क्यात ‘वीपुरी’ हे गाव असेल तर वस्तू १९४४ च्या आतली धरायला हरकत नाही, कारण ते शहर तेव्हा कायमचं सोव्हिएतकडे गेलं. आणि किल्लीच्या आकाराचा छोटा झेंडा असेल तर १९६५ नंतरची, कारण ‘फिनलंडमध्ये बनलेलं’ सांगणारं ते चिन्ह तेव्हा सुरू झालं.

शोधायला ‘फिन्ना’ ही वेबसाइट वापरा. फिनलंडमधल्या संग्रहालयांचे फोटो तिथे एकत्र बघता येतात, वस्तूच्या नोंदीत बनवणाराही बहुतेक दिलेला असतो. अर्धवट शिक्क्यातली जी अक्षरं लागतात ती फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल वर्तमानपत्रांत टाकून बघा. १९३९ पर्यंतचे अंक घरबसल्या मोफत आहेत आणि फर्निचर दुकानांच्या जाहिरातींत कारखान्यांची पूर्ण नावं मिळतात. स्टुलासाठी हेलसिंकीतलं ‘आर्टेक सेकंड सायकल’ हे दुकान गाठा, ते जुन्या आर्टेक मालाची खरेदी-विक्री करतात.

स्टुलाच्या वाकाचा बाजूने, उजेडात काढलेला फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. आणि पेटी ज्याच्याकडून घेतली त्याला याच आठवड्यात विचारा की ती कुठल्या घरातून आली. मृत्यूनंतर रिकाम्या केलेल्या घरांतला माल असेल तर त्याला गाव आज आठवत असेल, महिन्याभराने आठवेलच असं नाही.