बोंबलाच्या पोटातला जवळा आणि ऊर्जेचा हिशेब

ताई, तुमच्या सातवीतल्या लेकाचा प्रश्न आवडला. मेलेला प्राणी कुजून खत होतो, खतावर झाड वाढतं, मग ऊर्जाही गोल फिरतच राहते ना? बाई 'नाही' म्हणाल्या आणि पुढचा धडा सुरू झाला. बाईंचं बरोबर आहे, पण नुसत्या 'नाही'ने त्या वयात समाधान होत नाही.

झाडाला खतातून नत्र, स्फुरद, पालाश मिळतं. ते फिरतं. ऊर्जा मात्र त्याला उन्हातूनच घ्यावी लागते. मग कुजणाऱ्या देहातली गेली कुठे? तुमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करत असतील तर पिंपाजवळ घेऊन जा त्याला. वरचा थर बाजूला करून हात धरायला सांगा. आमच्याकडच्या पिंपातून तर थंडीत सकाळी वाफ निघते. जीवाणू तो भाजीपाला 'खातायत', आणि पानांनी साठवलेलं ऊन उष्णता होऊन निसटतंय. ती उष्णता कुठलंही झाड परत पकडू शकत नाही.

कोण कोणाला खातं त्या अन्नसाखळीत हे प्रत्येक पायरीवर होतं. लिंडमन नावाच्या अमेरिकी संशोधकाने 1942 साली एका तळ्याचा असा हिशेब मांडला. आज पुस्तकात जो दहा टक्क्यांचा नियम असतो, म्हणजे खालच्या पायरीवरची दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला मिळते, त्याचं मूळ तिथे. दहा हा ढोबळ आकडा, कुठे पाच तर कुठे वीस. बाकीची ऊर्जा हालचालीत, श्वासोच्छ्वासात, न पचलेल्या भागात जाते.

आता आपलं ताट. मागच्या आठवड्यात बोंबील साफ करताना एकाच्या पोटात जवळा निघाला, अख्खा, काळ्या टिपक्यांच्या डोळ्यांसकट. नात ओट्याला चिकटून बघत होती. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींत 10,000 एकक ऊर्जा धरा. त्या खाणाऱ्या बारीक जीवांत 1,000, जवळ्यात 100, बोंबलात 10, आपल्याला 1. तोच जवळा आपण कांद्यावर परतून खाल्ला तर दसपट पदरात पडते. (म्हणून बोंबील सोडा असं मी म्हणणार नाही, माझ्याच घरात कोणी ऐकणार नाही.)

ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हजारोंनी का दिसतात, तेही यातच आहे. त्यातला लहान रोहित चोच उलटी धरून थेट शेवाळच गाळून खातो. मध्ये दलाल नाही.

मग मुलगा विचारेल, बोरिवलीच्या जंगलात जेमतेम 104 चौरस किलोमीटरमध्ये पन्नासच्या आसपास बिबटे कसे जगतात? वरच्या पायरीवर तर मोजकेच हवेत. विचारलं तर शाबासकी द्या. तिथे चितळ, सांबर आहेतच, पण बिबट्याच्या खाण्यात भटकी कुत्रीही बरीच. कुत्री जगतात आपल्या उष्ट्यावर, आणि आपली पोळी येते दूरच्या गव्हाच्या शेतातून. म्हणजे त्या बिबट्याच्या अंगातलं थोडं ऊन बोरिवलीत पडलेलंच नाही.

पुढच्या वेळी बोंबील घ्याल तेव्हा दोन न कापता आणा. पोट त्यालाच उघडू दे. एखादं रिकामंही निघेल, म्हणून दोन.