पसंतीच्या उमेदवाराला तिकीट नाकारले गेल्यावर

तुमच्या पसंतीच्या उमेदवाराला पक्षाने तिकीट नाकारल्यामुळे तुम्ही तिसऱ्या उमेदवाराला मत देण्याच्या विचारात आहात. तो विचार गैर नाही, मात्र तो रागाच्या भरात पक्का करू नका. अर्ज मागे घेण्याची मुदत संपेपर्यंत थांबा, कारण कित्येक बंडखोर शेवटच्या दिवशी माघार घेतात.

आपल्या सोलापुरातील २०१९ ची लोकसभा निवडणूक पाहा. भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी विजयी झाले, सुशीलकुमार शिंदे दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावरील प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. तिसऱ्याची मते विजयी आघाडीपेक्षा जास्त होती. तरीही ती सगळी दुसऱ्यालाच मिळाली असती, असे धरून चालणे मला मतदारांवर अन्यायकारक वाटते. म्हणून ‘मत वाया जाईल’ एवढ्या धाकाने निर्णय बदलू नका. उरलेल्या दोघांपैकी एकजण निवडून येणे तुम्हाला खरोखरच असह्य असेल आणि लढत चुरशीची असेल, तर मात्र त्याला रोखू शकणाऱ्यालाच मत द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्याचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते; त्यातील मालमत्ता आणि गुन्ह्यांचे रकाने शांतपणे वाचा. ‘नोटा’ला, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’ या पर्यायाला, कितीही मते पडली, तरी विधानसभा-लोकसभेत सर्वाधिक मतांचा उमेदवारच विजयी ठरतो, हेही ध्यानात असू द्या. बटण दाबल्यावर मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत तुमच्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते; त्यावरील नाव आणि चिन्ह पडताळूनच बाहेर पडा.