आउटबॅकला जरूर जा, पण मुलीच्या फंडातून नको

कोल्हापूरच्या एका चित्रकला शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४५, मिस्टर ४८ वर्षांचे, गोकुळ शिरगावला फाउंड्रीत नोकरीला. मुलगी यंदा दहावीत. शाळेत वर्षानुवर्षं वारली शिकवताना ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या चित्रांची ओढ लागली, आणि आता ती माणसं, आउटबॅक म्हणतात ती आतली विरळ वस्तीची जमीन प्रत्यक्ष बघायची आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत ॲडलेडहून डार्विनपर्यंत कॅम्परव्हॅनने (आतच झोपायची सोय असलेल्या गाडीने) २१ दिवस, असा बेत आहे. खर्च ८ लाख. त्यातले ४ लाख मार्चमध्ये मुदत पूर्ण होणाऱ्या एफडीचे, २ लाख मुलीच्या शिक्षणाच्या म्युच्युअल फंडातून आणि २ लाख पर्सनल लोन. महिन्याला २५,००० शिल्लक राहतात, त्यातले १२,००० मुलीच्या एसआयपीत जातात. आणीबाणीसाठी ३ लाख वेगळे आहेत. त्या विचारतात: हे करावं का? आणि तिथून एखादं मोठं चित्र गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

नमस्कार ताई,

जा. हे आधी सांगतो, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही "हौसेपायी एवढा खर्च म्हणजे चूकच ना?" असं लिहिलंय. चूक नाही. माझी हरकत आहे ती पैसे कुठून आणताय याला, आणि त्याहून जास्त ते कुठे खर्च होतायत याला.

तुमचा तक्ता मी नीट पाहिला. हिशेबाला ऑस्ट्रेलियन डॉलर ६० रुपये धरू. २१ दिवसांचं व्हॅनभाडं, एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचा आकार, विमा आणि पेट्रोल मिळून सुमारे ६,६०० डॉलर होतात, म्हणजे जवळजवळ ४ लाख. निम्मं बजेट चाकांवर गेलं. आणि "स्थानिक मार्गदर्शक, कार्यशाळा" या ओळीत आहेत ४०० डॉलर, म्हणजे २४,००० रुपये. ज्या कारणासाठी एवढ्या लांब जायचं, त्याला शंभरातले तीन रुपये! ॲडलेड ते डार्विन सरळ गेलात तरी ३,००० किलोमीटर, तुमच्या वळणांसकट साडेचार हजार. एकवीस दिवसांत रोज दोनशेहून जास्त किलोमीटर काच पुढे आणि डांबर खाली. कुणाशी बसून बोलणार कधी?

व्हॅनची आणखी एक बाजू तक्त्यात कुठेच नाही. भाड्याच्या करारात 'एक्सेस' नावाचं कलम असतं: नुकसान झालं तर पहिले इतके हजार डॉलर तुमच्या खिशातून. व्हॅनसाठी ही रक्कम बऱ्याचदा ५,००० डॉलरच्या वर असते. ती कमी करायला रोजचे जादा पैसे भरावे लागतात. तेवढं करूनही कच्च्या रस्त्यावर गाडी घातली किंवा दुर्गम भागात अंधार पडल्यावर चालवली तर अनेक कंपन्यांचं संरक्षणच संपतं. हे कलम उगाच नाही. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात, आणि समोरून पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, येत असते. आपल्यासारखीच डावीकडची वाहतूक आहे म्हणून मिस्टर निर्धास्त आहेत, पण एका धडकेत तुमचा आणीबाणीचा सगळा फंड संपू शकतो.

आता पैशांचा उगम. २ लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे ६,७४० आणि एकूण व्याज साधारण ४२,६००. हे एकवेळ झेपेल. मुलीच्या फंडाचं मात्र तसं नाही. दहावीनंतर दोन वर्षांत कॉलेजची पहिली फी उभी राहते. एवढ्या कमी काळात काढलेले २ लाख बाजार भरून देईल याची खात्री नाही, आणि हप्ता सुरू असताना तुम्हीही भरू शकणार नाही. खरं तर तो फंड आत्तापासून हळूहळू इक्विटीतून (शेअर्समधून) कमी जोखमीच्या डेटकडे (रोख्यांकडे) वळवायला हवा. तो विषय सहलीपेक्षा तातडीचा आहे. शिवाय यंदाचा मे म्हणजे निकाल आणि अकरावीच्या प्रवेशाची धावपळ. त्यात आईवडील दोघंही वाळवंटात, रेंजबाहेर!

म्हणून एक वर्ष थांबा आणि सहलीचा आकार बदला. ॲडलेडहून बसने निघा, कूबर पेडीला उतरा. उन्हापासून वाचायला लोक तिथे जमिनीखाली घरं करून राहतात, एक रात्र तशाच खोलीत काढा. पुढची बस ॲलिस स्प्रिंग्जला. हे झाले १,५०० किलोमीटर, म्हणजे आउटबॅक जमिनीवरून बघायची हौस पुरती फिटते. ॲलिसला सात दिवसांसाठी साधी छोटी गाडी घ्या. उलुरू हा प्रचंड खडक तिथून साधारण ४५० किलोमीटर, परतताना किंग्ज कॅन्यनची दरी. स्टुअर्ट हायवेमार्गे हा सगळा रस्ता डांबरी आहे. मेरीनी लूपचा आडवाट रस्ता जवळचा दिसेल, पण त्याचा काही भाग कच्चा आहे आणि त्याला परवाना लागतो. छोट्या गाडीने तिकडे वळू नका. गाडी घेताना रोज किती किलोमीटर फुकट आहेत ते आधी विचारा. तिकडच्या भाड्यात बऱ्याचदा मर्यादा असते आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे पडतात.

चौदा दिवसांचा खर्च मी असा धरलाय: विमानाची तिकिटं दोघांची १ लाख ७० हजार, प्रवास विमा १५,००० (दुर्गम भागातून हवाई रुग्णवाहिकेने हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून घ्या), आणि तिथला खर्च सुमारे ७,००० डॉलर, त्यात व्हिसाही आला. एकूण ६ लाखांच्या आसपास. या ७,००० मध्ये मार्गदर्शक, कार्यशाळा आणि चित्र यांना मी १,२०० डॉलर दिलेत, तुमच्या तिप्पट.

हे तिप्पट कशाला? उलुरूची जमीन २६ ऑक्टोबर १९८५ ला अनांगू या तिथल्या मूळ लोकांना परत मिळाली आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्या खडकावर चढू नका, असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. चढाई अखेर बंद झाली ती २०१९ मध्ये, त्याच तारखेला. तिथे काही जागांचे फोटो काढायचे नाहीत, काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. हे व्हॅनच्या खिडकीतून कळत नाही. रेंजरसोबतची माला वॉक ही फेरी उद्यानाच्या पासातच होते, जादा पैसे नाहीत. तिच्यासाठी एक सकाळ मोकळी ठेवा. मग अनांगू मार्गदर्शकासोबत अर्धा दिवस घ्या, आणि अनांगूंच्याच मालकीच्या मारुकू आर्ट्सची ठिपक्यांच्या चित्रांची कार्यशाळा करा. वाळूत बोटाने काढलेली एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा, इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. वर्गात हे शिकवताना तुम्ही ते कुणाकडून ऐकलंय, याने फार फरक पडेल.

चित्राच्या प्रश्नाला उत्तर: गुंतवणूक म्हणून अजिबात नको. कोल्हापुरात ते विकत घेणारा कुठे शोधणार? भाव ठरवणार कोण? आवडलं म्हणून घ्या, ३०० डॉलरच्या आत. पण कुठून घेता, याला महत्त्व आहे. ॲलिसजवळच्या हरमन्सबर्गला १९०२ मध्ये जन्मलेले ॲल्बर्ट नामतजिरा हे जलरंगांचे फार मोठे चित्रकार. १९५९ मध्ये ते वारले, आणि १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने त्यांच्या चित्रांचे हक्क अवघ्या ८,५०० डॉलरना विकून टाकले. कुटुंबाच्या ट्रस्टला ते परत मिळायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात आजोबांचं चित्र छापलं गेलं तरी नातवंडांच्या हाती काही नाही. वारलीचं तुम्हाला मी काय सांगणार, कपांवर आणि चादरींवर ती छापली जाते तेव्हा डहाणू-जव्हारच्या चित्रकाराला काय मिळतं ते तुम्ही पाहताच आहात. म्हणून पर्यटकांच्या दुकानातलं बूमरँग नको. ॲलिसमधली पापुन्या तुला ही संस्था १९७२ पासून चित्रकारांच्याच मालकीची आहे. अशा ठिकाणी चित्रासोबत चित्रकाराचं नाव आणि गावाची नोंद असलेलं प्रमाणपत्र मिळतं. ते मागून घ्या.

मार्चमध्ये एफडी सुटली की पुन्हा वर्षासाठी ठेवा. साडेसहा टक्के धरले तर ४ लाख २६ हजार होतील. एसआयपी वगळून उरणारे १३,००० आरडीत टाका, वर्षाने सुमारे १ लाख ६१ हजार. उरलेले अठराएक हजार मिस्टरांच्या दिवाळी बोनसमधून काढा. कर्ज नाही, मुलीच्या फंडाला धक्का नाही, आणीबाणीचे ३ लाख जागेवर. सहल पॅकेज म्हणून घेतलीत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकर, कापला जाईल. त्याचा दर बजेटमध्ये बदलत असतो, तेव्हा बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. तो बुडीत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम हाताशी हवी. तिथल्या खर्चाला फॉरेक्स कार्ड (आधीच डॉलर भरून घ्यायचं कार्ड) वापरा. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशात दोन ते साडेतीन टक्के जादा लागतात.

मिस्टर म्हणतात की एकदाच जायचं तर डार्विन आणि त्याजवळचं काकाडू राष्ट्रीय उद्यानही बघून घेऊ. त्याला माझ्या हिशेबाने आणखी सव्वा लाख लागतील, म्हणजे तुमच्या आरडीचे दहा महिने. तोवर मुलगी बारावीत असेल आणि पुढचा मे सीईटीचा. शिवाय पावसाळ्यानंतर काकाडूतले काही रस्ते मे महिन्यात बंदच असतात, त्यामुळे शाळेच्या सुट्टीत तिकडे अर्धंच बघून होईल. तो भाग मुलीचा प्रवेश झाल्यावर, जून-जुलैत रजा काढून करा.